दामूदादाची लाकडी पळी

दामूदादासमोर आजारी माणूस गेला की दादा त्याच्या छातीला लाकडी पळी लावायचा. कालवण ढवळायची साधी पळी. एक टोक माणसाला, दुसरं स्वतःच्या कानाला आणि डोळे मिटलेले. नारळ, मिक्सर, माझ्या घरातला पंखा, पहिल्यांदा सासरी आलेला जावई, सगळ्यांचं त्यानं असं ऐकलेलं आहे. जावयाचं ऐकून म्हणाला होता, "जरा फास्ट पळतंय. घाबरलाय. पन मशीन चांगलं हाय."

मी एकदा म्हटलं, "दादा, डॉक्टरकडे असते तसली नळी आण की."

"रबर हाय ते. लाकूड खोटं बोलत न्हाय, भाऊसाब."

मी अलिबागला कचेरीत कारकून, म्हणून कोळीवाड्यात सगळ्यांचा भाऊसाहेब. दादाचं घर माझ्या घराला लागून. रेवदंड्याच्या बंदरातल्या निम्म्या होड्यांची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. होडीवर पाय ठेवायचा, पळी लावायचा आणि सांगायचा, "दोन नंबरचा वॉल गळतोय." उघडून बघितलं तर दोन नंबरचाच व्हॉल्व्ह.

पळी मूळची हिरावैनीची, म्हणजे त्याच्या बायकोची. त्यावरून घरात रोज भांडण.

"माझी पळी कालवनात कमी आनि इंजिनात जास्त. काल आमटीला डिझेलचा वास येत व्हता."

"मग आमटी चांगली पेटली असंल," दादा म्हणायचा.

वैनी मासळी विकायची. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात. पाटीला वास येतो म्हणून एसटीत कधी घ्यायचे, कधी नाही. टेम्पोत मागे उभी, रिक्षात अर्धी बाहेर. दादानं लग्नाच्या वर्षी तिला शब्द दिला होता, की एक दिवस तुला स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून बाजारात नेईन. पाटीसकट.

गाडी मिळाली तेव्हा दोघांचेही केस पांढरे झाले होते. एका बंगलेवाल्याची जुनी पेट्रोल गाडी सुरूच्या झाडांखाली गंजत पडली होती. पंप दुरुस्त केल्याबद्दल त्यानं ती दादाला देऊन टाकली. दहा जणांनी ढकलत आणून दादाच्या दारात उभी केली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, दादाला सवड होती. त्यानं इंजिन बाहेर काढलं, पार खोललं, रिंगा नव्या घातल्या, बेअरिंगं नवी घातली. सगळे सुटे भाग ओटीवर जुन्या लुगड्यावर मांडलेले. वैनी त्यांना ओलांडून चुलीकडे जायची आणि म्हणायची, "हे पोट बंद कधी करनार हायस?"

गाडीच्या कप्प्यात एक इंग्रजी पुस्तक निघालं. दादा मराठी वाचतो, ओळीखाली बोट धरून. इंग्रजी माझ्याकडे आलं. संध्याकाळी कचेरीतून आलो की मी एकेक पान मराठीत सांगायचं आणि दादानं तसं करायचं. एवढी इंजिनं कोळून प्यायलेला माणूस, पण माझ्या तोंडाकडे शाळेतल्या मुलासारखा बघायचा.

आता सांगायचं ते सांगतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

इंजिन रंगवायचं ठरलं त्या संध्याकाळी मला घाई होती. कशाची, ते आठवतसुद्धा नाही. मी पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली आणि म्हटलं, "झालं दादा, आता रंग द्यायला हरकत नाही." दादा म्हणाला, "काय राह्यलं न्हाय ना?" मी म्हटलं, "काही नाही." रंगही मीच दिला. होडीचा निळा, खाऱ्या हवेला टिकणारा, दोन हात. इंजिनाला दिला, इंजिन बसतं त्या जागेलाही दिला.

नारळी पौर्णिमेला गाडीपुढे नारळ फुटला. वैनी नवं लुगडं नेसून पाटीसकट पुढच्या सीटवर बसली. सगळा वाडा जमलेला. दिवे लागले, हॉर्न वाजला. दादानं चावी फिरवली. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"भाऊसाब, अलिबाग आलं का?" वैनीनं आतून विचारलं. लोक पोट धरून हसले. दादाही हसला.

ढकलून बघितली, तर गल्लीतल्या पुळणीच्या वाळूत चाकं रुतली. हातानं फिरवायचं हँडल बंगलेवाल्याकडेच हरवलं होतं. दादानं पळी लावली, ऐकलं आणि म्हणाला, "बेअरिंगं घट्ट बसलीत. माझीच चूक." इंजिन पुन्हा बाहेर. पुन्हा लुगडं, पुन्हा ओटी. दुसऱ्यांदा बसवलं. तसंच कण्हलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसरंच काही शोधायला ते पुस्तक उघडलं आणि वगळलेली पानं समोर आली. इंजिनापासून गाडीच्या अंगाला एक जाड पट्टी जाते. बॅटरीतून इंजिनात गेलेला करंट तिच्यातून परत फिरतो. ती जिथे बसते तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा, असं चौकट आखून लिहिलं होतं. दादाला हे सुचणं शक्य नव्हतं. त्याच्या होड्या लाकडाच्या. तिथे करंट जायला एक वायर आणि यायला दुसरी. होडीच्या अंगातून करंट परत येतो, हे त्यानं जन्मात पाहिलेलं नाही.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण तोवर बंदरात बोलणं सुरू झालं होतं. "दाम्याच्या दारातली गाडी दाम्याला चालू व्हईना." दोन तांडेल आपल्या होड्यांची इंजिनं दुसरीकडे घेऊन गेले. दादा पळी लावायचा आणि पहिल्यासारखं ठाम बोलायचा नाही. "असंल कदाचित," म्हणायचा. एकदा हात पुढे करून मला दाखवले. "बोटांना कळत न्हाय आता, भाऊसाब. हात गेले माझे."

वैनी आतून ओरडली, "काय पन बोलतोस! हात न्हाय गेले तुझे. त्या डबड्यालाच अक्कल न्हाय."

मी मान खाली घालून चहा प्यालो. इंजिन तिसऱ्यांदा उतरवलेलं होतं. मनात म्हटलं, बसवलं की गुपचूप खरवडू. त्यानं बसवलं. मी आज करू, उद्या करू करत राहिलो. दादा गाडीजवळून हलायचा नाही आणि वैनी दुपारी तिच्यात बसून सोडे निवडायची. मी दिसलो की खिडकीतून विचारायची, "भाऊसाब, अलिबाग आलं का?" मी म्हणायचो, "येईल, वैनी."

थंडीत तिला ताप आला. दादानं पळी लावली, ऐकलं आणि तडक रिक्षा बोलवायला गेला. अलिबागला नेलं ते रिक्षातून, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. गाडी दारात उभी होती. रिक्षाला जायला वाट मिळावी म्हणून आम्ही ती ढकलून बाजूला केली. मीही हात लावला होता.

वैनी परत आली नाही.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेलो नाही. पाना आणि पॉलिश पेपर घेऊन दादाच्या दारात गेलो. तो ओटीवर बसून होता. मी पट्टी सोडवली, रंग घासला, पट्टी पुन्हा आवळली. पाच मिनिटं लागली असतील. चावी फिरवली. पहिल्याच फेरीला इंजिन लागलं.

दादा आत गेला आणि पळी घेऊन आला. इंजिनाला लावली, डोळे मिटले. खूप वेळ ऐकत होता. मग वाकून आत बघितलं. निळ्या रंगात एवढीशी चमकणारी जागा. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"हे पुस्तकात व्हतं?"

"होतं."

"तुला कधी कळलं?"

"दिवाळीत."

मला वाटलं, आता हात उचलेल. उचलायला हवा होता. तो स्वतःच्या हातांकडेच बघत राहिला.

"म्हंजे हात न्हाय गेले माझे," तो म्हणाला. "हिरा रोज सांगायची. मीच आईकलं न्हाय."

तो घरात गेला आणि वैनीची पाटी घेऊन आला. रिकामी, धुतलेली. मी पुढचं दार उघडून बसायला लागलो.

"पुढं नको. मागं बस."

मी मागे बसलो. चौल गेलं, नागाव गेलं. पुढच्या सीटवरची पाटी वळणावर सरकायची. तो स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिला धरायचा. तेवढ्यापुरता वेग कमी करायचा, कुणी झोपलेलं असावं तसा.

बाजाराच्या तोंडाशी, कोळणी बसतात तिथे, त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही.

"आलं गं अलिबाग," तो म्हणाला.