पाच घरचा कोट

मुलाला लग्नात कोट घालायचा, असं रिठदच्या पुंजाजीनं जेवताजेवता ठरवलं. भाकरीचा घास तोंडात होता आणि समोर पोरगा उघडाच बसला होता, म्हणून ते सुचलं एवढंच.

लग्न होतं चुलतभाऊ दौलतरावांच्या मुलीचं, वाशीमला. दुसऱ्या निवडणुकीचं साल, वैशाखाचा महिना. दौलतरावांना साऱ्या मुलीच, म्हणून कानपिळीचा मान पुंजाजीच्या सात वर्षांच्या उकंड्याला आला होता. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि ओवाळणी घेतल्याशिवाय सोडायचा नाही. नवरदेव अकोल्याच्या वकिलाचा मुलगा. साऱ्या मांडवाचं लक्ष पोरावर असणार.

"नवा कोट शिवू," पुंजाजी म्हणाला.

त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं, तव्यावरची भाकरी उलटली. मग तिनं हळूच विचारलं, "याचं नाव उकंडा काहून ठेवलं, याद आहे नं?"

पुंजाजीला याद होती. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं, म्हणजे नकोसं लेकरू समजून काळ फिरकणार नाही. तेव्हाच तुळसाबाईनं नवस बोलला होता की पोराला आठ वर्षं पुरी होईतो नवं कापड लावायचं नाही. पाच घरी मागायचं आणि त्याचंच शिवायचं. आजवर तिनं तो पाळला होता.

"अकोल्याचे लोक हसतीन," पुंजाजी म्हणाला.

"हसू द्या. हसल्यानं कोणी जात नाही."

पण कोटाचा हट्ट त्याला सोडवेना. मागूनच शिवायचं तर कोटच मागू, अशी त्यानं तोड काढली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः निघाला. आजवर मागायचं काम तुळसाबाईचं होतं. पहिल्या दारात पुंजाजीला तोंड उघडवेना. कोतवालाशी त्यानं पाणी, कपाशीची पऱ्हाटी आणि बैलाचे खूर यांवर इतका वेळ गप्पा मारल्या की शेवटी कोतवालानंच विचारलं, कायले आला होता? मग मात्र त्याच्या जुन्या डगल्याची खाकी पाठ मिळाली. शाळेच्या मास्तरांनी काळ्या कोटाचा पुढचा भाग दिला. गावच्या बाजेवाल्यानं सोनेरी फीत लावलेल्या लाल बाह्या दिल्या, दुकानदारानं अस्तराला साखरेचं पोतं दिलं. तांड्यावरच्या भुरीबाईनं काहीच विचारलं नाही. पोराचं नाव ऐकलं आणि आपल्या जुन्या ओढणीचा आरसे लावलेला तुकडा फाडून दिला. त्याचा खिसा झाला.

शिंप्यानं कोट शिवून दिला, पण कोणी शिवला हे सांगू नका अशी विनंती केली. उकंड्याला मात्र तो इतका आवडला की भर उन्हात तो गावभर कोट घालून फिरून आला.

लग्नाच्या दिवशी पुंजाजी मांडवात दौलतरावांशी बोलत उभा राहिला आणि तेवढ्यात उकंडा नाहीसा झाला. झालं असं की, वाशीमच्या बँडवाल्यांच्या बाह्याही लालच होत्या. नवरदेवाच्या मामानं लाल बाह्यांचं पोर एकटं फिरताना पाहिलं, दंडाला धरलं आणि बँडात नेऊन उभं केलं. बँडवाल्यांना वाटलं, हे वरपक्षाचं हौशी पोर आहे. त्यांनी त्याच्या हातात झांजा दिल्या.

कानपिळीची हाक आली. नवरीचा भाऊ कुठे, म्हणून शोधाशोध झाली. पुंजाजीनं वऱ्हाड उतरलेला जानवसा पाहिला, विहीर पाहिली. विहिरीत डोकावून त्यानं दोनदा हाक मारली. मग झांजांचा बेताल आवाज कानावर पडला आणि तो तिकडे धावला.

"पोट्टं सोडा, याले कान पिळाचा आहे," तो धापा टाकत म्हणाला.

मामांनी गंभीरपणे विचारलं, "काहून? बेताल वाजवते म्हणून?"

"याचा नाही, नवरदेवाचा."

"बँडवाला नवरदेवाचा कान पिळीन?"

"बँडवाला नाही, हा नवरीचा भाऊ आहे. मी याचा बाप."

मामांनी पोराच्या कोटाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि वाट दिली.

उकंड्यानं कान धरला तो बैलाची वेसण धरावी तसा. नवरदेव कळवळला, लोक हसले. काय पाहिजे, असं त्यानं विचारलं. सगळ्यांना वाटलं, पोर घड्याळ मागेल, सायकल मागेल. उकंडा म्हणाला, "एखादं जुनं कापड द्या. माय म्हणते, मागूनच घ्या लागते."

दौलतराव दुसरीकडे पाहू लागले. पुंजाजीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात नवरदेवाची आई उठली, पोरापाशी बसली आणि तिनं नाव विचारलं. त्यानं ते सांगताच तिनं बायकांत उभ्या तुळसाबाईकडे पाहिलं.

"किती गेले, बाई?"

"दोन."

"माहे तीन," ती म्हणाली. तिनं लेकाच्या खांद्यावरचा शेला काढून उकंड्याच्या खांद्यावर ठेवला. "घे. वापरलेला आहे."

घरी येताना बैलगाडीत तुळसाबाई वाटभर शेल्याचा काठ बोटांत धरून होती. पुंजाजीनं बैल हळू हाकले.

ही गोष्ट गावात पसरली. काही दिवसांनी शेजारची गोमतीबाई दारात आली. तिला नातू झाला होता आणि ती कापड मागायला आली होती. पुंजाजीची छाती फुगली. पुण्याईच्या घरचं कापड मागायला लोक आता येणारच, असा विचार करत त्यानं दोरीवरचं आपलं धोतर स्वतः काढून दिलं आणि नम्रपणे म्हणाला, "आमच्या घरच्या कापडाले गुण आहे म्हणता, मंग न्या."

"गुणाचं मले नाही ठाव, भाऊ," गोमतीबाई धोतरावर हात फिरवत म्हणाली. "लेकराच्या आंगाले टोचू नये म्हणून साऱ्या गावाच्या दोऱ्या पाह्यल्या. तुमच्याइतकं विरलेलं धोतर कोणाचंच नाही."