शालिकरामाची वेसबंदी

"यंदा कीर्तनातून माशीसुद्धा उठून जाणार नाही!" शालिकराम माळ्यानं अमरावतीच्या फुलबाजारात छाती ठोकून सांगितलं. "खुद्द डिप्टी कमिशनर आला तरी कुलूप खोलत नाही!"

त्याला कारणही तसंच होतं. देवळातल्या कीर्तनाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. गेल्या वर्षी उत्तररंग ऐन रंगात आला आणि निम्मी सभा चपला शोधायला लागली! कीर्तनकार गोवर्धनबुवा जाताना म्हणाले, "पुन्हा असं झालं तर या गावात माझी वीणा वाजायची नाही." तेव्हापासून शालिकरामाच्या गळ्याखाली भाकर उतरेना.

तोड सापडली खुशालराव मास्तरांकडे. तीनशे वर्षांमागं युरोपातल्या शहरांनाही म्हणे आपल्या अमरावतीसारखाच परकोट, म्हणजे गावाभोवती तट असे. सांजेची घंटा झाली की वेशी बंद! किल्ल्या थेट नगरप्रमुखाच्या घरी. उशीर झालेला सरदार असो की पाववाला, रात्रभर खंदकाकाठी बेडकांशी गप्पा!

"बस्! आपल्या देवळाचं बी तसंच!" शालिकरामानं ठरवलं. किल्ली गावातल्या सगळ्यात थोर माणसाकडे, म्हणून ती खुद्द बुवांच्या उपरण्याला बांधली.

मंडप भरला. घंटा झाली. शालिकरामानं दार लोटून आतून कुलूप ठोकलं. तोच बाहेरून थाप!

"वेस बंद झाली! उद्या या!"

"अरे, मी गोवर्धनबुवा! चिपळ्या गाडीत राहिल्या होत्या!"

शालिकरामाच्या कपाळाचं गंध घामानं नाकावर आलं. "बुवा, किल्ली भिंतीवरून फेका!"

बुवांनी फेकली. नेम असा की थेट देवळाच्या विहिरीत!

"घ्या! राजा बाहेर अन् रयत कोंडलेली!" मंडपातून मैनाबाई करवादल्या.

बुवा मात्र हसले आणि रस्त्यावरच उभे राहिले. द्वारकेच्या वेशीवर अडवलेला सुदामा असा काही उभा केला की बैलांनीही रवंथ थांबवला! शालिकराम दाराला कान लावून, डोळे मिटून ऐकत होता. आसवांनी सदरा भिजला.

शेवटी बाहेर आरती झाली आणि बुवांचा गहिवरलेला आवाज आला, "जिंकलंत रे! आज एक माणूस उठला नाही! पुढच्या वर्षी नक्की येतो!"

शालिकरामानं कृतार्थ होऊन डोळे उघडले. मंडपात चिटपाखरू नव्हतं! समोर फक्त त्याची बायको सत्यभामा, आरतीचं ताट घेऊन.

"लोक कुठं गेले व?"

"कवाचेच बुवांपुढं जाऊन बसले. मागचं दार उघडंच होतं ना!"

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं ना दोनदा! तुमी म्हणे, 'चूप! कीर्तनातून उठाचं नाही!' घ्या आता आरती."