चोरीला गेलेला तास

गांगुर्डे सरांचा तास कुणी घेतला, की ते हातात खडू घेऊन वर्गाच्या दाराबाहेर उभे राहत. पूर्ण पस्तीस मिनिटं. "माझा तास चोरीला गेलाय. निदान चोर कोण ते पोरांना दिसू दे."

चोर बहुतेक मीच. नाशिकच्या त्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो. दहावीचा पोर्शन कधीच संपायचा नाही, आणि सरांचं नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला वीस मार्कांचा विषय. पोरं तो सरळ ऑप्शनला टाकत. हेडमास्तर म्हणायचे, "घ्या हो, त्यांचाच घ्या."

"कोणत्या कलमाखाली?" सर स्टाफरूममध्ये कडाडायचे. शिपायाने चहा संपला म्हटलं तरी हाच प्रश्न. "गणितात नापास झाला तर एक पोरगा बुडतो, गणितवाले. ह्यात झाला तर गाव बुडतं." मला अस्सा राग यायचा. दाराबाहेर ते दिसले की फळ्यावरचं वर्गमूळ चुकायचं, त्याचा वेगळा.

ऐंशीच्या निवडणुकीत आम्हा दोघांना ड्यूटी लागली पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर. सर केंद्राध्यक्ष. दिवसभर त्यांनी मला नियम ऐकवले. मतदान पाचपर्यंत; पाचला पाच कमी असताना रांग संपली, न्यायला ट्रक आला. थंडीने मी काकडलो होतो. म्हणालो, "सर, करूया पेटी सील."

"कोणत्या कलमाखाली?"

मी दातओठ खात बसलो. तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत आली. "उशीर झाला का, गुरुजी? लय लांबून आले."

सरांनी आपली खुर्ची तिला दिली, तांब्यातलं पाणी दिलं. इतक्या मऊ आवाजात ते बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. "दमानं घ्या, आई. पेटी तुमच्यासाठीच थांबलीय."

परतताना ट्रकमध्ये त्यांनी पेटी मांडीशी ओढून घेतली. मग म्हणाले, "गणितवाले, शिक्का मारताना कसं वाटतं हो?"

"म्हणजे?"

"मास्तर झाल्यापासून दर निवडणुकीला ड्यूटी. टपालाने मत द्यायचा अर्ज दर वेळी करतो. मतपत्रिका येते मोजणी झाल्यावर."

मागच्या वेळी मी नोकरीत नव्हतो, मत दिलं होतं. कसं वाटलं ते आठवेना. रांगेला वैतागलो होतो, एवढंच आठवलं. स्वतःचाच संताप आला.

सोमवारी हेडमास्तरांनी पुन्हा त्यांचाच तास मला दिला. मी वर्गात गेलो नाही, दाराबाहेर उभा राहिलो. आत सर मतदानाचा धडा घेत होते. शिक्का कसा धरायचा, किती दाबायचा, ते हवेत हात उचलून पोरांना दाखवत होते.