चाकावरची ताकद

म्हसावदच्या एका लग्नात नवरदेवाच्या नव्या कोऱ्या गाडीभोवती सगळं वऱ्हाड जमलं होतं. कुणी रंगाचं कौतुक करत होतं, कुणी आतल्या टचस्क्रीनवर बोट फिरवत होतं. आमचे सुपडूअप्पा मात्र पुढच्या टायरपाशी उकिडवे बसले आणि नवरदेवाला म्हणाले, "बाकी ऱ्हाऊ दे. चाकवर कितली?"

नवरदेवाने कंपनीने छापलेला ताकदीचा आकडा सांगितला.

"ती इंजिननी. चाकवर कितली पोचनी?"

नवरदेव हसला. अप्पा हसले नाहीत.

तळोद्यात आमच्या घराला लागून अप्पांचं गॅरेज आहे. इंजिनात तयार झालेली ताकद गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर अशी वाटेत थोडी थोडी सांडते आणि रस्त्याला मिळते ती उरलेली, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. आमच्या घरी नवा मिक्सर आला तेव्हा माझ्या बायकोलाही त्यांनी पात्यावर किती पोचते ते विचारलं होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेजची जमीन खणली आणि कापसाच्या जुन्या जिनिंगमधले दोन जडशीळ लोखंडी रोलर भंगारातून आणून खड्ड्यात बसवले. गाडीची चाकं त्यांवर चढवायची, गाडी साखळ्यांनी बांधायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. गाडी जागेवरच, फिरतात ते रोलर. एवढं जड लोखंड किती सेकंदांत किती वेगाला आलं, त्यावरून चाकावरची ताकद निघते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून गणित माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी रोलर असे गरजले, की समोरचे किराणावाले शेठजी भूकंप समजून रस्त्यावर आले.

गेल्या महिन्यात सायसिंग त्याची जीप घेऊन आला. तो तळोद्याहून सातपुड्यातल्या पाड्यांवर माणसं नेतो. चढ लागला की जीप दम टाकायची. म्हाताऱ्यांनाही उतरून चालावं लागायचं. दोन गॅरेजवाल्यांनी त्याला इंजिनच बदलायला सांगितलं होतं. अप्पांनी जीप रोलरवर घेतली. इंजिनाचा आवाज चढत गेला, रोलर मात्र आळसावल्यासारखे फिरत राहिले. अप्पांनी हात वर केला.

"इंजिन वाघ शे. क्लच घसरी ऱ्हायना."

घसरणारी क्लचप्लेट बदलली आणि चाकावरचा आकडा दीडपट झाला. सायसिंग भरलेली जीप घेऊन, कुणालाही न उतरवता, चढ चढला आणि वरून फोन करून त्याने तसं कळवलं. अप्पांनी तो फोन स्पीकरवर टाकून शेठजींनाही ऐकवला.

त्या रविवारी मी न राहवून विचारलं, की हे रोलरचं वेड आलं कुठून. अप्पा हातातलं फडकं दुमडत बसले. त्यांची एकुलती एक लेक वैशाली पुण्यात, गाड्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत इंजिनिअर आहे. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. रोलर यायच्या आधीही दर रविवारी तिचा फोन यायचा, तब्येतीची विचारपूस व्हायची आणि दोन मिनिटांत दोघांचंही बोलणं संपायचं.

"ती तठे दिनभर रोलरवर गाड्या पळावस," अप्पा म्हणाले. "मन्ही पोर इतली मोठी व्हयनी, अन मले तिन्हं काम समजे नही. काय बोलू तिन्हासंगे?"

तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी आकड्यांची वही उघडली. वैशालीने हिशोबात रोलरचं घर्षण किती धरलं ते विचारलं, अप्पांनी ते बरोबर सांगितलं. मग सायसिंगच्या जीपचे आकडे वाचून दाखवले. मग पुन्हा एकदा. रेंज चांगली होती, तरी तिसऱ्यांदाही त्यांनी ते सावकाश वाचले, आणि तीही तिकडून म्हणत होती, "परत सांगा ना, अप्पा."