दामलेकाकांचे पासष्ट डेसिबल

आमच्या समोरच्या दामलेकाकांना "कसे आहात?" असं विचारलं, तर ते आधी खिशातून आवाज मोजायचं यंत्र काढतात. "बावन्न," म्हणतात, "ठीक आहे. पण जरा हळू विचारत चला."

नारायण पेठेत राहून शांततेचा आग्रह धरायला वेगळीच छाती लागते. माझ्या कुकरची शिट्टी त्यांनी जिन्यात उभं राहून मोजली आहे. मी म्हटलं, "काका, वरण आहे, बॉम्ब नाही." तर म्हणाले, "वरणाला माझी हरकत नाही. शिट्टीला आहे."

पण त्यांचं खरं वैर तळमजल्यावरच्या शिंद्यांच्या पिठाच्या गिरणीशी. सकाळी गिरणी सुरू झाली, की काका यंत्र घेऊन तिच्या दारात हजर.

"शिंदे, बहात्तर! हा व्यापारी विभाग आहे. दिवसा मर्यादा पासष्ट. पंचाहत्तर हवेत तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना टाका!"

"काका, ज्वारी आहे, आवाज करणारच," शिंदे पिठाळलेल्या मिशीत हसायचे. "डबा आणलाय ना? ठेवा, बारीक दळून देतो."

डबा ठेवायचा, भांडायचं आणि घरी येऊन तक्रारीचा अर्ज लिहायचा, हा काकांचा नेम. अहो, पुण्यात तक्रार करायची म्हणून करतात. तिची कुणी खरंच दखल घेईल, हे काकांच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि घेतली की हो! गिरणीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली: साहेब मोजणीला येणार, आवाज जास्त भरला तर गिरणी बंद. शिंद्यांचं हसूच गेलं. मला असा संताप आला, काकांना जिन्यातच गाठलं. "झालं समाधान? घ्या आता शांतता!" काका यंत्र न काढताच वर निघून गेले. एरवी मला सोडतात होय!

मोजणीच्या सकाळी मी गॅलरीतच उभी होते. साहेबांनी यंत्र धरलं मात्र, काका मध्ये घुसले. "थांबा! आधी ती रिक्षा जाऊ द्या. हॉर्न काय शिंद्यांनी वाजवला? आणि तुमचं यंत्र कधी तपासून घेतलंय?" तीनतीनदा मोजायला लावलं, पण आकडा काही सत्तरच्या खाली येईना. साहेब वैतागले.

"तक्रार कुणाची आहे?"

"माझीच."

"मग गिरणीच्या बाजूनं काय भांडताय?"

काकांचा आवाज एकदम उतरला. "अहो, ही गेल्यापासून घरात कुणी बोलायला नाही. सकाळी खाली गिरणीचा पट्टा फिरायला लागला की वाटतं, घरात कुणीतरी उठलंय. तो बंद केलात तर मी उठू कशाला?"

साहेबांनी यंत्र पिशवीत ठेवलं. मग शिंद्यांना म्हणाले, "मशिनखाली जाड रबर घाला आणि दार लावून दळा. पासष्टात बसेल. पुढच्या महिन्यात परत मोजतो."

शिंद्यांनी हात जोडले. काका मात्र हळूच त्यांच्याजवळ सरकले.

"रबर घाला हो शिंदे. पण दार अगदी घट्ट नका लावू. थोडा आवाज वर येऊ दे."