ताड कुणाच्या वाडीत?

"असा नमुना करते, की सफाळ्याच्या बायका नाव नोंदवायला चपला घालायच्या विसरतील!" दातिवऱ्याच्या चंद्रकांताबाईंनी हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला घरात फक्त त्यांचा नवरा बळवंत होता, आणि तो नारळ सोलण्यात गुंग होता.

जन्मभर गावाचे ब्लाउज शिवून बाईंचे डोळे अधू झाले होते, पण हौस शाबूत होती. सफाळ्याला एका दुकानावरची खोली त्यांना क्लाससाठी मिळणार होती. क्लास कसला, तर देखाव्याच्या गोधडीचा. कापडाचे तुकडे जोडून झाडं, पाणी, आभाळ उभं करायचं. अट एवढीच, की रविवारी नमुना भिंतीवर टांगायचा. बायकांना आवडला तर क्लास, नाहीतर खोली नाच शिकवणाऱ्या मुलीला. दुसऱ्यांच्या मापाचं शिवण्यात आयुष्य गेलं होतं. एकदा तरी आपल्या मनाचं शिवावं आणि ते चारचौघींनी बघावं, एवढंच बाईंना हवं होतं, आणि फार हवं होतं.

मोबाइलवरच्या बाया बर्फाचे डोंगर शिवत. चंद्रकांताबाईंनी बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीत. तेव्हा मागच्या दारातून जे दिसतं तेच शिवायचं त्यांनी ठरवलं. दोन वाड्या, मधे बांध, बांधावरचा ताड आणि मागे समुद्र. गोधडीला घरातलंच जुनेर लागतं. वाड्यांना शेजारच्या थोरल्या जावेचं, गोदूबाईचं, हिरवं पातळ आलं. समुद्राला बळवंतचा कारखान्यातला निळा शर्ट. आभाळाला मात्र ट्रंकेतलं सासूचं विटलेलं आकाशी लुगडं काढलं. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या लुगड्याला कात्री लावायला हात धजला नव्हता. या वेळी धजला.

देखावा सुरेख जमला. राहिला ताड. मोबाइलवालीने बजावलं होतं, मुख्य वस्तू मधोमध नको, जरा बाजूला हवी. बाईंनी ताड जरासा डावीकडे लावला. इथेच घात झाला!

कारण डावीकडची वाडी थोरल्या दिराची, पंढरीची. उजवीकडची बळवंतची. आणि बांधावरचा ताड कुणाचा, यावरून दोघा भावांचं बोलणं आई गेली त्या वर्षापासून बंद. पंढरीला धाकट्याला काही सांगायचं झालं, तर तो दोन घरांमधल्या जास्वंदीच्या कुंपणाला सांगे. बळवंत कुंपणालाच उत्तर देई. यातली मोठी गोष्ट तर पुढेच आहे. तो ताड गेल्या वादळात पडला होता! पडला तसा बांधावर आडवा. हात लावावा तर दुसरा म्हणेल, हक्क सांगतोय. म्हणून दोघंही त्याला ओलांडून जात. बाईंच्या डोळ्यांपुढे मात्र तो अजून उभाच होता, म्हणून त्यांनी तो उभा शिवला.

चहा प्यायला आलेल्या बळवंतने गोधडी पाहिली आणि कप खाली ठेवला.

"ताड दादाच्या वाडीत कसा गेला?"

"तिथं बरा दिसतो."

"बरा दिसतो? सफाळ्यात टांगलीस का, सगळी दुनिया बगंल. बायकोनंच देऊन टाकला म्हनतील!"

"अवो, चिंधी हाय ती!"

"आज चिंधी हाय. उद्या पुरावा हुईल!"

घरात अबोला नको म्हणून बाईंनी टाके उसवले आणि ताड उजवीकडे नेला. मग गोधडी ऊन दाखवायला कुंपणावर टाकली. पाच पावलांवर गोदूबाई भांडी घासत होती.

"अगो चंद्रे, माज्या पातळाची वाडी, नि आमचा ताड कुटं गेला?" तिने असा टाहो फोडला, की पंढरी जेवता जेवता उठून आला. उष्ट्या हाताने तो कुंपणापुढे उभा राहिला.

"कुंपना, सांग त्या घरात! पयले लोक बांध सरकवायचे. आता सुईनं झाडं चोरतात!"

"कुंपना, सांग त्याला," घरातून बळवंत ओरडला, "ज्याचं होतं त्यानं परत आनलंय!"

बाईंनी पुन्हा उसवलं आणि ताड बरोबर बांधावर लावला. तर बळवंत सुतळी घेऊन आला, पंढरी कुंपणावरून विती मोजू लागला. एकाला बुंधा तिकडे वाटे, दुसऱ्याला झावळ्या इकडे. बाई उसवत होत्या, लावत होत्या. असं करता करता शनिवार उजाडला.

शनिवारी त्यांनी गोधडी उजेडात धरली. आभाळभर सुईची भोकं पडली होती. सासूने जपून नेसलेल्या लुगड्याची चाळण झाली होती. बाईंना फार वाईट वाटलं, त्या रडल्या, आणि रडून झाल्यावर भयंकर संतापल्या. त्यांनी ताड ओरबाडून काढला आणि जसा पडला होता तसा, मुळांसकट, बांधावर आडवा शिवून टाकला. मग अंगणात येऊन हाक मारली,

"भावजी, या इकडं! आनि तुमीपन या!"

पंढरी कित्येक वर्षांनी त्या ओटीवर चढला.

"हा तुमचा ताड. पडलाय तो. आनि ही भोकं बगा. तुमच्या आयच्या लुगड्याला पाडलीत तुमी."

पंढरीने आभाळावरून अलगद बोट फिरवलं.

"आयचं हाय?"

"मामाकडच्या लग्नात नेसली होती," बळवंत म्हणाला. घरात कुंपण नव्हतं, त्यामुळे हे थेट भावालाच म्हणावं लागलं.

"हां," पंढरी म्हणाला. "तवा नवं होतं."

त्या दिवशी पंढरी चहा घेऊन गेला. रविवारी गोधडी सफाळ्याला न्यायला दोन्ही भाऊ निघाले. एकाने एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं. माया म्हणावी, तर वाटेत ताड हलू नये अशी धास्तीही होती.

खोलीत बायका गोधडीपुढे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. बाईंचा जीव मुठीत.

"आभाळात हे बारीक ठिपके कसे काढलेत हो?" एकीने कौतुकाने विचारलं.

"पाखरं हायत ती," बाई खाली बघत म्हणाल्या. "अवघड टाका असतो. शेवटी शिकवीन."

"आणि ताड आडवा का?"

मागच्या बाकावरून पंढरी उठला. "आमचा हाय तो. वादळात पडला."

आमचा! बाईंचे डोळे भरून आले. बायका नावं नोंदवायला पुढे सरकल्या. क्लास मिळाला होता. तेवढ्यात पंढरीशेजारी बसलेला बळवंत खाकरला.

"पन दादा, शेंडा चुकलाय. शेंडा तुज्याकडं होता. बुंधा माज्याकडं."

"काय बोलतोस? शिवलाय तो बरोबर हाय! बुंधा माज्याकडंच!"

चंद्रकांताबाईंनी डोळे पुसले, पिशवीतून ब्लेड काढलं आणि सगळ्या बायकांना जवळ बोलावून पहिला धडा सुरू केला. टाके कसे उसवायचे!