बिनपरवान्याची खार

उदगीरच्या पुढं आमच्या जंगलाचे दोन तुकडे होते. मधून डांबरी रस्ता जातो. जंगल म्हणायचं, कारण तशी सरकारी पाटी होती. चारोळीची झाडं फक्त पूर्वेच्या तुकड्यात. एका वर्षी पश्चिमेलाही चारोळीची रोपं उगवली आणि वनखात्याचे नवे साहेब शिवमूर्ती गंभीर झाले.

"ही कुणी लावली?" त्यांनी वनरक्षक सुगतला विचारलं.

"खारीनं, साहेब. तिकडून बी आणती. थोडं खाती, थोडं पुरती, अन् कुठं पुरलं ते विसरून जाती."

"मग तुमच्याच हापिसातली दिसती," शेळ्या राखणारी नागुबाई म्हणाली.

साहेब हसले नाहीत. वनोपज, म्हणजे जंगलातलं साधं बीसुद्धा, हलवायला वाहतूक परवाना लागतो. खारीकडं तो नव्हता. त्यात मंजुरीविना वृक्षलागवड, म्हणजे सरळ अतिक्रमण.

सुगतची बायको लुंबिनी बिलोलीला शिक्षिका. तिकडं बदली मिळावी म्हणून त्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. "प्रकरण निकाली काढ, सही घेऊन जा," साहेब म्हणाले.

सुगतनं खारीच्या झाडाला नोटीस चिकटवली. खारीनं ती कुरतडून घरट्यात अंथरली. साहेबांनी शेरा मारला: नोटीस पोचली, खुलासा नाही. मग रस्त्याच्या वर दोन्हीकडून एकमेकींना भिडलेल्या फांद्या तोडायचा हुकूम निघाला.

"साहेब, खारीची वाट तीच हाय."

"म्हणूनच."

फांद्या गेल्या. पश्चिमेची रोपं अतिक्रमण म्हणून उपटली. खारी पूर्वेलाच अडकल्या आणि तिथलं बी तिथंच फस्त करू लागल्या. बेकायदा वाहतूक शून्यावर आल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. पश्चिमेला नवं बी येईना, जुनी झाडं वठली; झाड उरलं नाही, म्हणजे जंगल उरलं नाही, म्हणून पाटी काढली आणि प्लॉट पाडले. जाहिरातीच्या फलकावर खारीचं चित्र होतं. तुम्हीही कोपऱ्यातला घेतलात, चांगलं केलंत.

सुगत सामान बांधूनच सहीला गेला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, तेवढ्यात तुम्हा प्लॉटवाल्यांचा अर्ज आला: लेकरांना बघायला परिसरात खारी सोडाव्यात. साहेबांनी टोपण परत लावलं.

"तुझ्याइतकं खारीचं कुणाला कळतंय बाबा? आता कसली बदली."

लुंबिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. सुगत पिंजरा घेऊन फिरून राहिलाय. एक खार सापडलीसुद्धा. पण तुमच्या अर्जातली शेवटची अट वाचून तो पिंजऱ्यापाशीच बसलाय: खार कुंड्या उकरणारी नसावी.